शिवकांताबाईंचे पुठ्ठे

शिवकांताबाई दमलेल्या नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. सकाळी शाळेचं कुलूप निघायच्या आधी त्या पायरीवर येऊन बसलेल्या असायच्या, आणि तेव्हाही दमलेल्याच. मला बघितलं की म्हणायच्या, "आले बाबा एकदाची." जणू रात्रभर चालत आल्यात. त्यांची भाड्याची खोली शाळेच्या मागच्याच गल्लीत होती.

अंगानं जाड, गुडघे धरलेले, आवाज बसका. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं. पोरांच्या पाटीवर वाकताना ते मधे येऊ नये म्हणून डबी पाठीवर टाकायची त्यांना सवय होती. माहेर चौसाळ्याचं, तिथं हायवेला भावाचं किराणा दुकान. नवरा लवकर गेला, मूल नाही, सातवीवर ट्रेनिंग करून मास्तरीण झाल्या. हे सगळं मी एका दमात सांगतो, कारण त्यांनी मलाही एवढंच आणि एका दमातच सांगितलं होतं.

शिरूर कासारच्या बाजूच्या त्या गावात मी नव्यानं लागलो, तेव्हा खेड्यात नुकत्याच डिशच्या छत्र्या दिसायला लागल्या होत्या आणि फाट्यावर एसटीडीचं पिवळं खोकं आलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. मला मामाकडं ठेवलं म्हणून शिकलो. बी.ए. झालो, वर डी.एड. केलं, त्याचा अभिमान होता. आजही आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हेडमास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमी चौथी घ्या, सर. पयलीला बाई हायेत. पयलीला काय, शिकवायचं नसतंय, राखायचं असतंय."

मला बरं वाटलं. पहिली मलाही नकोच होती.

चौथीच्या आणि पहिलीच्या मधे भिंत नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. त्यामुळं मी शिकवायला लागलो की बाईंचा वर्ग मला ऐकू यायचा. बाई खुर्चीत कधी बसल्या नाहीत. खाली बसकर टाकून, एक पाय लांब करून बसायच्या आणि एकेकाला विचारायच्या, "तू काय आणलं?"

पोरांनी रोज घरून एक शब्द आणायचा, असा त्यांचा दंडक होता. पोरगं शब्द सांगायचं आणि बाई तो पुठ्ठ्यावर लिहून त्याच्याच हातात द्यायच्या. पुठ्ठे चौसाळ्याच्या दुकानातल्या खोक्यांचे. दर शनिवारी त्या भावाकडं जायच्या आणि सोमवारी साबणाची, बिस्किटांची मोकळी खोकी काखेत मारून यायच्या. कात्रीनं तळहाताएवढे तुकडे करायच्या. पाट्या रंगवायचा काळा ऑइलपेंट असतो, त्यात काडी बुडवून लिहायच्या. अक्षर मोठं, गोल, जरा उजवीकडं कललेलं.

एक दिवस पडद्याच्या फटीतून बघितलं तर बाईंनी पुठ्ठ्यावर 'म्हस' असं लिहिलेलं. मी बी.ए. मला राहवलं नाही.

"बाई, म्हैस पाहिजे ते."

बाईंनी वरसुद्धा बघितलं नाही. "ह्याच्या घरी म्हस हाय. म्हैस पुस्तकात हाय. आधी घरची सोडू दे, मग पुस्तकातली बांधू." मग पोराकडं वळून, "कशी हाय रं तुझी म्हस?"

"काळी."

"अन्?"

"मारकी."

"अन्?"

"आटलीय, बाई."

"आटलीय म्हंजी काय, ह्यांना सांग बरं. ह्या सरांना बी सांग, बी.ए. हायेत ते."

अख्खा वर्ग हसला, माझीही चौथी हसली. त्या दिवसापासून मी 'बी.ए.' झालो. "बी.ए., जरा खडू दे." "बी.ए., माठात पाणी हाय का बघ." मला राग यायचा, पण त्यांच्या तोंडून ते शिवीसारखं कधी आलं नाही.

शब्दाला त्यांची एक अट होती. ज्याला हात लावलाय, जे खाल्लंय, निदान ज्याचा मार खाल्लाय, तेच आणायचं. पुठ्ठा मिळाला की त्या वस्तूपाशी जायचं, एक हात वस्तूवर, दुसऱ्या हातात पुठ्ठा, आणि मोठ्यानं म्हणायचं. त्यामुळं शाळा सुटली की पोरं गावभर भिंतीला, चिंचेला, शेळीला हात लावून ओरडताना दिसायची. वर्गात एकाचा मामा टीव्हीवाला होता. तो एकदा 'फॉरेन' घेऊन आला.

"काय असतंय ते?" बाईंनी विचारलं.

"ठाव न्हाई, बाई. टीव्हीत म्हणत्यात."

"मग परत ने. बघून ये, मग लिहू."

तो शब्द त्यानं नंतर काही आणला नाही.

'चुकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. पोरगं अडखळलं की म्हणायच्या, "राहू दे, अजून शिजलं न्हाई." आणि पुठ्ठा परत पोराच्या ढिगात खाली सरकवायच्या. महिन्याभरात पोरांकडं वीस-पंचवीस शब्द व्हायचे. मग त्या सगळ्यांचे पुठ्ठे खाली पसरून 'मचा म' कुठं कुठं दिसतो ते हुडकायला लावायच्या. पोरं रांगत हुडकायची. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग अडखळत का होईना, वाचायला लागलेला असायचा. हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या चौथीत पुस्तक उलटं धरून धडा म्हणणारी पोरं होती.

आणि मग दिवाळी झाली की ट्रक यायचे.

ऊसतोडीचा आमच्याकडचा हंगाम हा असा. नवरा-बायको, म्हातारी, लेकरं, कोंबड्या, पीठ, सगळं ट्रकमधे. सहा महिने कारखान्याकडं. पहिलीच्या एकतीस पोरांतली बारा मागं राहायची. जाणाऱ्यांसाठी बाई आधीच महिनाभर खपायच्या. प्रत्येकाचे चाळीस शब्द दाभणानं भोक पाडून सुतळीत ओवायच्या आणि ती माळ पोराच्या गळ्यात घालून सांगायच्या, "रोज एकदा सगळी म्हणायची. हात लावून."

चैत्रात पोरं परत यायची, उन्हानं काळी पडून. काहींच्या माळा हरवलेल्या. काहींच्या पुठ्ठ्यांवर चूल पेटवलेली. काही पोरं माळ जशीच्या तशी आणायची आणि बाईंनी 'म्हस' पुढं धरलं की दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी बघत राहायची. काही म्हणजे काही आठवायचं नाही. वर्षानुवर्षं हेच. बाई पाय लांब करून बसायच्या आणि पुन्हा सुरू. "सांग, तू काय आणलं?"

मी एकदा विचारलं, "बाई, कंटाळा कसा येत नाही तुम्हाला?"

"येतो की. लई येतो. कंटाळून थापलेल्या भाकरीनं बी पोट भरतंय, बी.ए. म्हणून थापायची." आणि गुडघ्याला हात लावून उठल्या. उठताना तीन वेळा 'शिवा' म्हणाल्या.

एका बाबतीत मात्र त्या फार कडक होत्या. एखाद्या पोरानं 'कोयता' आणला, की "हा नको. दुसरा आण." 'फड' आणला, "हा नको." एकदा एक पोरगं रडलं, तरी नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सहा महिने तेच असतंय त्यांच्या डोळ्यापुढं. इथं तरी तोंडात दुसरं काही असू दे. माझ्या वर्गात कोयता येणार न्हाई." मला ते पटलं. माझ्या आईच्या तळहातावर कोयत्याचे घट्टे होते. मलाही तो शब्द शाळेत नकोच होता.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. एप्रिलअखेर सुटणार होत्या. त्या वर्षी पहिलीत मुक्ता होती, तिसऱ्यांदा. तिच्यासंगतीची पोरं तिसरीत गेलेली आणि ही उंच पोरगी लहानग्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसायची. दिवाळीआधी तिची आई शाळेत आली. बाईंपुढं उकिडवी बसली आणि सरळ बोलली, "बाई, औंदा चैतात पोरीला वाचाया आलं तर दुसरीत घाला. न्हाई आलं तर बास. मी धाकट्याला कुठवर पाठीशी बांधून ऊस तोडू? हिला कोपीवर त्याच्यापशी ठिवते, कायमची. तुमी बी चाललाव म्हणं."

बाई म्हणाल्या, "चैतापर्यंत तरी थांबशील ना?"

"तवर थांबते. शब्द हाय."

माळा वाटायच्या दिवशी बाईंनी मुक्ताच्या गळ्यात माळ घातली. मुक्तानं ती काढून परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"न्यायची न्हाई, बाई."

"कावून गं?"

"तिथं म्हस न्हाई. हिर न्हाई. चिच न्हाई. तुमी म्हणता हात लावून म्हणायचं. म्या कशाला हात लावू?"

मी पडद्यापाशी उभा होतो. बाईंनी माळ हातात घेऊन एकेक पुठ्ठा सरकवून बघितला, चाळीसच्या चाळीस. मग विचारलं, "मग तिथं काय हाय?"

मुक्ता बोटं मोडून सांगायला लागली. फड. कोपी. पाचट. मोळी. वाढं. टायर. टोळी. कोयता. बाकीची जाणारी पोरंही मधे घुसली, कुणी राखेचं सांगितलं, कुणी भोंग्याचं. त्या वर्गात एवढा कालवा मी कधी ऐकला नव्हता. बाईंनी इतकी वर्षं जी शब्दांची पोतडी दाराबाहेर ठेवायला लावली होती, ती पोरांनी एका घटकेत त्यांच्यापुढं रिकामी केली.

शाळा सुटल्यावर बाई तशाच बसून होत्या. मला म्हणाल्या, "बी.ए., बस. मी काय येडेपणा केला बघ. रेल्वेच्या डब्यात विहिरीचं चित्र लावून पाणी प्या म्हणत होते."

"तुम्ही चांगल्यासाठीच..."

"ते सोड. तुझे आईबाप जायचे ना? सांग मला तिथलं. सगळं सांग. मी लिहिते."

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. फड म्हणजे तोडायचा ऊस उभा असतो ते रान. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला, तो पायाला चरचर कापतो. वाढं म्हणजे शेंड्याचं हिरवं, ते बैलाला. कोपी म्हणजे चटईची अन् पाचटाची खोप, त्यात वाकून शिरायचं. टायर म्हणजे ऊस ओढायची रबरी चाकांची बैलगाडी. बाईंना यातलं निम्मं माहीत नव्हतं, पण त्या नुसतं ऐकत नव्हत्या, मला विचारत होत्या, "कशी असती? अन्? अन्?" मी पंचविशीतला मास्तर, आणि पहिलीतल्या पोरासारखा उत्तरं देत होतो.

'कोयता' आला तेव्हा त्यांची काडी थांबली.

"हा तू लिही."

"नाही बाई. पोरांना तुमचं अक्षर ओळखू येतं."

त्यांनी लिहिला. इतर शब्दांपेक्षा बारीक अक्षरात लिहिला आणि वाळायला सगळ्यांच्या मागं ठेवला.

हेडमास्तरांनी सकाळी वाळत घातलेले पुठ्ठे बघितले. "अहो बाई, ही शाळा हाय का मुकादमाचं हापिस?"

"दोन्ही सारखंच हाय, सर. तो बी पोरं मोजतो, आपण बी मोजतो. शिकवीत कुणी न्हाई."

पोरं नव्या पुठ्ठ्यांच्या माळा गळ्यात घालून ट्रकमधे चढली, ट्रक गेले. बाई बारा पोरांत बसून राहिल्या. त्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे फारच वाढले. पोरंच त्यांना हाताला धरून उठवायची. बोलायच्या कमी. संक्रांतीच्या सुमाराला टोळीच्या मुकादमाचा माणूस काही कामानं गावात आला आणि शाळेच्या दारात थांबून हसायला लागला. "बाई, तुमच्या त्या पोरीनं लई बेजार केलंय बघा! कोपीला चिठ्ठी, कोयत्याला चिठ्ठी, टायराला चिठ्ठी. समद्या टोळीला मनती, हात लावून म्हणा. माझ्या सायकलीला बी लाव म्हणलं, तर मनती कशी, ह्याचा पुठ्ठा बाईंनी दिला न्हाई."

बाईंनी त्याला बसवून चहा पाजला. मग लगेच एक पुठ्ठा कापला, 'सायकल' लिहिलं आणि त्याच्या खिशात घातलं. पेंट ओला होता, त्याचा सदरा भरला. तो शिव्या देत गेला, पण पुठ्ठा घेऊन गेला.

चैत्रात टोळ्या परतल्या. मुक्ता शाळेत आली तेव्हा मधली सुट्टी होती. कडेवर धाकटा भाऊ, गळ्यात माळ. पुठ्ठे काळे मिचकूट, कोपरे गळालेले, नऊ पुठ्ठे गायब, शेवटी मुकादमाच्या माणसानं नेऊन दिलेली 'सायकल' ओवलेली. मागं तिची आई उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. हेडमास्तरही आले. मला वाटलं, बाईंनी हे चौघांत करायला नको. पण त्यांनी बसकर टाकलं आणि माळ सोडली.

मुक्तानं वाचलं. मोळी. फड. पाचट. टायर. कोयता. एकेका शब्दाला तिचा मोकळा हात हवेत जायचा, तिथं नसलेल्या वस्तूला लावायला. सायकलीपर्यंत सगळे वाचले.

हेडमास्तर म्हणाले, "पाठ असंल."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. नवा पुठ्ठा घेतला, कोरा. त्यावर 'टोपी' लिहिलं. हा शब्द माळेत नव्हता. मुक्ता बघत राहिली. धाकट्यानं तिचे केस ओढले, तिनं त्याचा हात धरून ठेवला.

"टो... टोळीतला टो," ती म्हणाली. "पी. कोपीतला." आणि मग एकदम हेडमास्तरांच्या डोक्याकडं बोट करून, "टोपी!"

हेडमास्तरांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि परत घातली. आई उंबऱ्यातून म्हणाली, "दुसरीत घालताव ना मग?" कुणी उत्तर द्यायच्या आत धाकट्याला घेऊन ती निघूनही गेली.

मला वाटलं बाई रडतील, निदान हसतील. त्या म्हणाल्या, "पाणी आण गं कुणीतरी." अख्खा तांब्या पिऊन भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऊस वाचला पोरीनं. ऊसच वाचला, बी.ए." त्यात आनंद किती होता आणि काय होतं, मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. मुक्तानं बोट ठेवून ओळ वाचली, 'आम्ही सहलीला गेलो.' वाचून थांबली.

"सहल म्हंजी काय, बाई?"

"सगळ्यांनी मिळून गाडीत बसून लांब जायचं."

"म्हंजी फडावर?"

"न्हाई गं. सहल म्हंजी जायचं अन् परत यायचं."

"आमी बी परत आलो की."

पुस्तक मिटून बाई म्हणाल्या, "ह्याला हात लावायला लागंल."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौसाळ्याहून त्यांच्या भावाचा मालाचा टेम्पो आला. पहिलीतली, नुकती फडावरून आलेली पोरं, बाई आणि मी. कपिलधारला, डोंगरातल्या धबधब्यापाशी असलेल्या देवस्थानाला निघालो. टेम्पोत बसताना एकजण म्हणाला, "ह्यो बी टरकच हाय." दुसरा म्हणाला, "ह्याच्यात कोंबड्या न्हाईत रं." वाटेत पोरांनी एवढी गाणी म्हटली की ड्रायव्हरनं दोनदा थांबवून दम दिला.

उन्हाळ्यात तिथं धबधबा नसतो. बाईंना माहीत होतं. त्या लहानपणापासून तिथं दर्शनाला जायच्या. तरी त्यांना वाटलं होतं, थोडंफार असेल. वरून खाली नुसता कोरडा खडक आणि त्यावर ओलीचा एक पट्टा. पोरांनी देवाला हात जोडले, भाकरी खाल्ल्या, सावलीत लोळली. बाई पायरीवर बसून होत्या. मुक्ता त्या ओल्या खडकाला हात लावून आली.

"ह्योच धबधबा?"

"न्हाई. धबधबा पावसाळ्यात येतो. वरून धो-धो पडतो, बोललेलं ऐकू येत न्हाई."

"पावसाळ्यात आमी इथंच असतो."

"हां."

"मंग तवा येऊ."

बाई "हां" म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या सुटणार होत्या, आणि त्या दोन दिवसांची त्यांनी रजा टाकली होती.

परतताना वाट वाकडी करून चौसाळ्याला गेलो, तिथं त्या उतरल्या, सामान आदल्या शनिवारीच आणून टाकलं होतं. टेम्पो पोरांना घेऊन पुढं जाणार होता. खाली उभं राहून त्या मला म्हणाल्या, "पावसाळ्यात ने ह्यांना. अन् पडताना बघितल्याबिगर कुणाला धबधबा लिहून देऊ नको."

"नेतो," मी म्हणालो.

नेलं नाही. त्या पावसाळ्यात हेडमास्तरांनी परवानगी दिली नाही, पुढच्या साली गाडी मिळाली नाही, मग दुसरं काहीतरी. पहिली मात्र मी मागून घेतली, आणि पुठ्ठे चिकार लिहिले. धबधबा कुणाला लिहून दिला नाही. मुक्ता चौथीपर्यंत शिकली.

बाई परत भेटल्या नाहीत. मला दिसतात त्या टेम्पोच्या मागच्या फळीतून: हायवेच्या कडेला, उन्हाला एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताचं बोट पुढं करून त्या टेम्पोतली पोरं मोजत होत्या. ओठ हलत होते. एक पोरगं खाली वाकलं, त्यांची मोजणी चुकली, त्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. ड्रायव्हरनं गाडी सोडली. मी "थांब" म्हणालो तोवर आम्ही पुढं गेलो होतो, आणि त्यांचं बोट अजून वरच होतं.